चुंबळ सरकली

महाबळेश्वरात माणसाला चालायला जागा नाही. लोक म्हणतील म्हातारा येडा झालाय, सगळं जग तिथं हिंडायला जातं. जातं, पण गाडीतनं. उतरायचं, कठड्याला टेकून फोटो काढायचा, कणीस खायचं, की परत गाडीत. पायानं चालणारा माणूस इथं एक तर गरीब, नाही तर वाट चुकलेला. मला लोक दोन्हीत धरायचे.

माझं सगळं आयुष्य पलूस-कुंडलच्या पट्ट्यात गेलं. तिकडं सपाट रान. कुंडलच्या अंगाला डोंगर आहेत, नाहीत असं नाही, पण ते आपले कडेला गप बसून असतात, माणसाच्या वाटेत येत नाहीत. सकाळी घरातनं पांदीनं मळ्यात, दिवस मावळता मळ्यातनं घरी. डोळे झाकून चालावं अशी वाट.

शिमग्याच्या तोंडावर बायको गेली. पुढं सात-आठ महिने एकटा राहून बघितलं. मला चहासुद्धा करता येत नाही, खोटं कशाला बोलू. मळा पुतण्या करायला लागला, त्याची बायको डबा द्यायची. दिवाळी झाली तसा माझा थोरला आला आणि मला गाडीत घालून इकडं घेऊन आला. तो इथं टॅक्सी चालवतो. बाजाराच्या खालच्या अंगाला दोन खोल्या आहेत. सून चांगली आहे, नातवंडं शाळेत जातात. तक्रार करावी असं घरात काही नव्हतं. म्हणून मी रस्त्याची तक्रार करायचो.

पहिल्या दिवशी सवयीनं विळा घेऊन बाहेर पडलो. आमच्यात मोकळ्या हातानं फिरणाऱ्याला उंडगा म्हणतात. हातात विळा, दोरी, काहीतरी पाहिजे, म्हणजे माणूस कामाला निघालाय हे कळतं. इथं समोरनं येणाऱ्या दोन पोरींनी विळा बघितला आणि पळतच रस्त्याच्या पलीकडं गेल्या. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आबा, विळा घरात ठेवा. स्टँडवर सगळी मला हसाय लागल्यात."

दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातानं निघालो. हातांचं काय करावं तेच कळेना. दर दहा पावलांना एक टॅक्सी थांबायची.

"आबा, पॉइंट बघायचं का?"

"काय हाय तितं?"

"दरी हाय की!"

"मग हितं काय हाय?"

तो डोक्याला हात लावून निघून जायचा.

आमच्या खोल्यांच्या मागं दरी. दरीच्या पलीकडं डोंगराची एक धार उतरत गेलेली, तिला इथं सोंड म्हणतात. त्या सोंडेच्या टोकाला एक सपाट तुकडा दिसायचा. तांबडा, चौकोनी, कडेला पत्र्याचं छप्पर. त्या सगळ्या मुलखात सपाट म्हणावं असं तेवढंच. रोज सकाळी दात घासताना मी त्याच्याकडं बघायचो. कुणाचं तरी रान असणार. रान म्हटलं की बांध असणार.

मला तिथं जाऊन बांधावर बसायचं होतं आणि भाकरी खायची होती. दुसरं काही नको होतं. मळ्यात दुपारी आम्ही दोघं बांधावर बसायचो. ती बुक्कीनं कांदा फोडायची. बोलणं फारसं नसायचं. ती गेल्यापासून मी रानात बसून जेवलो नव्हतो. मुलाकडं प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो, मांडीवर ताट, समोर टीव्ही. घास खाली जातो, पण जेवल्यासारखं होत नाही.

आमच्याकडं जे डोळ्याला दिसतं ते जवळ असतं. देवळाचा कळस दिसला की अर्ध्या तासात माणूस देवळाच्या पायरीवर. मीही तेच धरून चाललो. हे समोर तर दिसतंय, जेवायच्या वेळेला पोचतो.

वाटेत एक जण गवत कापत होता. त्याला विचारलं.

"हितंच हाय की," तो म्हणाला. "त्या सोंडंच्या मागं."

"किती येळ लागंल?"

"तमाखू मळून तोंडात टाका. थुकायच्या आत पोचताय."

मी तासभर चाललो. दुसरा एक भेटला, तोही म्हणाला, हितंच हाय. आणखी तासभर गेलो. दरीत उतरलं की झाडांनी सगळं झाकून टाकलं, ना सोंड दिसे ना तो तुकडा. वाट सरळ जायचं नावच घेत नाही. पुढं जायचं असलं तर आधी मागं वळते, वर जायचं असलं तर आधी खाली उतरते. या लोकांना 'लांब' हा शब्द शिकवायलाच कुणी नव्हतं बहुतेक. जेवायची वेळ टळली तसा शिव्या देत माघारी आलो.

दुसऱ्यांदा वरच्या रस्त्यानं गेलो आणि एकाच्या स्ट्रॉबेरीत घुसलो.

"ओ पावणं! वाफ्यात पाय नगा देऊ!"

वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद पांघरलेला, त्याला भोकं पाडून रोपं बाहेर काढलेली. माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "मातीचा जीव गुदमरत न्हाई व्हय?"

"कुठलं तुमी?"

"पलूसकडचा."

"म्हंजे ऊसवालं! मग बराबर. पाणी सोडायचं आन बाजंवर पडायचं, ही तुमची शेती. हितं वाकून वाकून कंबारडं मोडतंय."

"उसाचा पाला एक दिवस अंगाला लावून बघ गड्या. मग बोल."

दोघंही तापलो. तरी त्यानं वाट सांगितली, "वरल्या अंगानं जावा." आता आमच्याकडं पाणी जिकडनं येतं ते वरलं अंग. मी ओढा धरला आणि जिकडनं पाणी येतं तिकडं चालत राहिलो. त्याला म्हणायचं होतं की ओढा सोडून धारेची चढण चढा. ओढा एका कातळाखाली संपला. पुढं वाट नाही, मागची सापडेना. तिथंच धोंड्यावर बसलो. आमच्या शिवारात मला आंधळा करून सोडला असता तरी मी घरी आलो असतो. इथं दोन डोळे असून बसून राहिलो.

लाकडाची मोळी घेऊन एक माणूस आला. त्यानं विचारलं, "कुणाचं तुमी?"

मी गाव सांगितलं, भावकी सांगितली, बापाचं नाव सांगितलं. त्यानं मोळी खाली टेकवली.

"आवं, हितं कुणाचं?"

"टॅक्सीवाल्याचा बाप."

"हितं धा घरातली आठ टॅक्सीवालीच हायत."

शेवटी त्यानं माझ्या फोनमधनं मुलाला फोन लावला आणि मला डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडलं. मुलगा आला तो पॅसेंजर घेऊनच आला. मागच्या सीटवर नवरा-बायको, नुकतं लग्न झालेली. त्यातली बाई खिडकीतनं डोकं काढून म्हणाली, "दादा, हा पण पॉइंट आहे का?" मुलानं दार उघडलं. मला पुढं बसवलं. वर पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता.

घरी आल्यावर बोलला. "आबा, पॅसेंजरला सूर्यास्त दावायचा हुता, मी बाप दावला."

सुनेला हसू आलं, तिनं तोंडाला पदर लावला. तो मात्र हसला नाही.

"परत एकदा असा फोन आला तर तुमाला ताईकडं पुण्याला सोडनार. मला गाडी चालवायची का तुमाला हुडकत फिरायचं?"

पुण्याला माझी लेक चौथ्या मजल्यावर राहते. दोन दिवस राहून आलोय. तिथं खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसते. ध्यानात आलं की आता एकदाच जायला मिळणार. सापडलं तर सापडलं, नाही तर चौथा मजला.

चार दिवस अंगणात बसून काढले. पाचव्या दिवशी सुनेला म्हणालो, दोन भाकरी बांधून दे. तिनं माझ्याकडं बघितलं. मग भाकरी केल्या, वर ठेचा, कांदा, फडक्यात बांधून दिल्या. "मामा, चारच्या आत या. मला बोलनी खायला लावू नगा."

या वेळी दरीचीच वाट धरली. उतार संपून चढ लागला तसा मागं पायांचा आवाज यायला लागला. कुणीतरी बाई बाजार करून चालली होती. वाट एका माणसापुरती. मी पुढं, ती मागं. मी मागं वळलो नाही, वळायची मला सवयच नाही. आवाज मागं येत राहिला आणि मला बरं वाटायला लागलं. का ते लगेच कळलं नाही. थोड्या वेळानं आवाज जरा मागं राहिला, आणि माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, "चल की गं लवकर!"

"आवं आबा, कुनाला म्हनताय?"

वळून बघितलं. पन्नाशीची बाई, डोक्यावर भरलेली पाटी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकून आलं बाई तोंडात."

"मी आपली तुमाला धक्का नगो म्हनून मागं रेंगाळतीय, आन तुमी मलाच म्हनताय चल?" ती हसत म्हणाली. "सरका वाइच. मला फुडं जाऊ द्या. तुमच्या मागनं चालले तर वाडीला सांज हुईल."

मी कडेला झालो. कुठं जायचंय ते तिनं विचारलं, मी सोंडेचं टोक दाखवलं. "आमची वाडी त्याच्याच खाली," ती म्हणाली, "या माझ्या मागनं."

बाईच्या मागं चालायची माझ्यावर ही पहिलीच वेळ. आमच्याकडं गडी पुढं, बायको मागं. लग्न झालं त्या दिवसापासून अठ्ठेचाळीस वर्षं आम्ही तसेच चाललो. विळा माझ्या हातात, वैरणीचा भारा तिच्या डोक्यावर. तिला माझी पाठ तोंडपाठ असणार. तिची चाल कशी होती, मला सांगता येणार नाही. आवाज तेवढा माहीत.

चढ उभा होता. बाई एका वळणावर थांबली. डोक्यावरचं गुंडाळलेलं फडकं, ज्यावर पाटी बसते ती चुंबळ, तिला हात लावून म्हणाली, "चुंबळ सरकली." मी पोचलो तशी निघाली. पुढच्या वळणावर परत थांबली. "ह्या चुंबळीचं काय तरी बिनसलंय." तिसऱ्या वळणावरही तेच. मला राग यायला लागला. जन्म डोंगरात गेला आणि हिला धड चुंबळ बांधता येत नाही?

चौथ्या वळणावर मी खालून वर बघितलं. ती उभी होती, पण तिचा हात चुंबळीला नव्हता. मान जराशी वळवून ती माझी धाप ऐकत होती. मी जवळ आलो तसा तिनं हात वर नेला आणि म्हणाली, "सरकली परत."

मी तिथंच खाली बसलो.

गेल्या वर्षी उसाला तोड यायच्या आधीच्या दिवसांत मळ्यातनं येताना बायकोच्या पायांचा आवाज मागं पडायला लागला होता. मी न वळता ओरडायचो, "चल की गं लवकर, का हितंच वस्ती करतीस?" आणि मागनं आवाज यायचा, "चुंबळ सरकली." रोज. एका पांदीत तीन-तीनदा. एकदा मी म्हणालो, "येवढं वय झालं आन चुंबळ बांधता येईना व्हय गं तुला?" तिनं आयुष्यभर भारे वाहिले, तिची चुंबळ कशाला सरकेल? एकदा मान वळवली असती तर दिसलं असतं. पुढं दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, हृदयाचं दुखणं जुनं आहे, आधी कसं कळलं नाही? मी त्याच्यावरच डाफरलो होतो. घरात मला कसं कळणार, म्हणालो.

"आबा, काय हुतंय? पानी देऊ?"

"काय न्हाई. चल."

वर पोचलो. बाईनं बोट केलं. "ह्यो बगा, तुमचा सपाट तुकडा."

चारी बाजूंनी तारेचं कुंपण. आत डोंगर कापून जमीन ताशीव केलेली, कडेला जेसीबी उभा. पत्र्याचं छप्पर कामगारांचं. फाटकावर पाटी, आत येण्यास मनाई. माती नुसती मुरूम. रान नव्हतं ते. कुणाचा तरी बंगला होणार होता.

"तुमी ह्याच्यासाटनं आला व्हय?" बाई म्हणाली. "मला वाटलं वाडीत कुनी सोयरं हाय."

"मला वाटलं रान हाय. बांधावर बसून भाकरी खावी."

"आवं, मग आमच्या रानात बसा की. उतरतं हाय, पर बांध हाय. चला, च्या बी हुईल."

पण चार वाजत आले होते. तिला म्हणालो, परत कधीतरी. ती खाली उतरली. आतला राखणदार येऊन विचारायला लागला, "कुणाचं तुमी?" मी त्याच्याकडं पाठ केली. कुंपणाच्या बाहेर बसलो आणि फडकं सोडलं. घास घशाखाली उतरणार नाही असं वाटलं होतं. पण भूक लागली होती. दोन्ही भाकरी खाल्ल्या.

खाऊन उठतो तोवर ध्यानात आलं, जेसीबी आलाय म्हणजे रस्ता असणार. होता. पलीकडनं चांगला गाडीरस्ता, थेट बाजाराला जाणारा. मी तीनदा पायपीट केली आणि त्या रस्त्यानं मुलगा पॅसेंजर घेऊन रोज जातो. इतका राग आला की फडकं हिसडा मारून झटकलं. फोन वाजला. सुनेनं मुलाला कळवलं होतं. कुठं आहे ते सांगितलं, वीस मिनिटांत तो आला.

गाडीत बसलो. तो म्हणाला, "चार म्हनलं हुतं. लावू पुन्याला फोन?"

"लाव."

त्यानं गाडी वळवली. मी म्हणालो, "तुझी आई मागं पडायची तवा तिला दम लागत हुता रं. मी शिव्या देत हुतो."

त्यानं गाडी कडेला घेतली, बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला.

"मला ठाऊक हाय."

"तुला कसं ठाऊक?"

"आईनं सांगितलंतं फोनवर. चढावर न्हाई, सपाटीला बी दम लागतोय म्हनली. आबांला बोलू नगंस म्हनली. तोड आलीया, त्ये ऊस टाकून मला दवाखान्यात घिऊन बसतील. ऊस जाऊ दे, मग दावू."

"आन तू गप बसलास?"

"सीझन हुता, आबा."

मी हात उचलला होता. चाळिशी ओलांडलेल्या पोरावर. मग खाली घेतला. त्याचा सीझन, माझी तोड. त्याला काय मारू? मागनं गाड्या हॉर्न मारत जात होत्या. मग त्यानं गाडी चालू केली. पुण्याला फोन त्यानं लावला नाही आणि पुढंही कधी लावला नाही. माझ्याशी त्या बाबतीत बोलायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

आता मी रोज चालतो. त्या बाईच्या वाडीवरही जाऊन आलो. तिचा बांध इतका उतरता की भाकरी धरावी का स्वतःला, हेच कळत नाही. वाटा अजून चुकतात. अजून लोक 'हितंच' म्हणतात आणि मी अजून चिडतो. पोरावरचा राग उतरला. बायकोवरचा उतरत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला आणि पोराला सांगितलं, मला नाही. सांगितलं असतं तर मी थांबलो असतो, असं चालता चालता मोठ्यानं बोलतो. मग चढ लागतो, दम लागतो, बोलणं बंद होतं. तोड दारात आलेली असताना मी खरंच थांबलो असतो का? तिला वाटत होतं मी ऊस टाकून तिला घेऊन बसेन. तिला माझी एवढी खात्री होती. मला नाही.